ब्रेनच्या गाभ्यातली सिंग्युलॅरिटी

प्रश्न : सुपरग्रॅव्हिटीत (अतिसममिती असलेल्या गुरुत्वाच्या सिद्धान्तात) डी-ब्रेनच्या, म्हणजे स्ट्रिंग सिद्धान्तातल्या पडद्यासारख्या वस्तूंच्या, बहुतेक उकलींमध्ये गाभ्याशी अवकाशकालाची वक्रता अनंत होते, म्हणजेच सिंग्युलॅरिटी येते. मग या उकली खऱ्या कशा मानायच्या? (भौतिकशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : सगळ्या ब्रेन एकाच माळेचे मणी नाहीत, हे आधी लक्षात घ्या. गिबन्स, होरोविट्झ आणि टाउनसेंड यांनी १९९५ मध्ये दाखवलं की डी३ (तीन मितींत पसरलेली डी-ब्रेन) आणि एम५ (अकरा मितींच्या एम-सिद्धान्तातली, पाच मितींत पसरलेली ब्रेन) यांच्या उकली क्षितिजापलीकडे, म्हणजे जिथून काही परत येत नाही त्या सीमेपलीकडे, वाढवल्या तरी सिंग्युलॅरिटी लागत नाही. एम२ मध्ये मात्र ती क्षितिजाआड आहे.

तुमची शंका नेमकी लागू पडते ती डी६ ला, आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरणही तेच. तिथे सगळी भूमिती ह = १ + क/र या एका फलावर चालते; र म्हणजे ब्रेनपासूनचं अंतर, क हा स्थिरांक. र शून्याकडे गेला की दहा मितींतली वक्रता बेसुमार वाढते. पण त्याच वेळी डायलेटॉन या क्षेत्राकडे बघा. दहा मितींचा हा सिद्धान्त अकरा मितींच्या एम-सिद्धान्तातली एक मिती वर्तुळात गुंडाळून मिळतो; डायलेटॉन त्या अकराव्या मितीच्या वर्तुळाचा आकार सांगतो, आणि इथे त्या वर्तुळाची त्रिज्या √र प्रमाणे आक्रसत जाते. आता अकरा मितींत गाभ्यापर्यंतचं खरं अंतर मोजा. तेही √र प्रमाणेच येतं! त्रिज्या अंतराच्या सम प्रमाणात शून्य होणं म्हणजे ध्रुवीय निर्देशकांतला आरंभबिंदू. तिथे कोनाचं वर्तुळ शून्य होतं, पण प्रतल काही फाटत नाही. ब्रेन एकच असेल तर ही अकरा मितींतली भूमिती (तिचं नाव टॉब-नट) गाभ्याशी अगदी गुळगुळीत असते. हे स्वतः कागदावर करून बघाच, दोन ओळींचं गणित आहे.

एकावर एक अशा ‘न’ इतक्या ब्रेन ठेवल्या तर शंकूचं टोक उरतं. ते गणिताने पुसता येत नाही आणि पुसूही नये, कारण तिथे गुंडाळलेल्या एम२-ब्रेन वस्तुमानशून्य होतात आणि त्यांतूनच एसयू(न) या सममितीची गेज क्षेत्रं (बलं वाहणारी क्षेत्रं) मिळतात.

म्हणून सरसकट ‘स्ट्रिंग सिद्धान्त सिंग्युलॅरिटी घालवतो’ असं म्हणणं मला पटत नाही. ऋण वस्तुमानाची श्वार्झशिल्ड उकल (साध्या कृष्णविवराच्या उकलीत वस्तुमान ऋण धरलेलं) घ्या. तिची सिंग्युलॅरिटी निघून गेली, तर शून्याखालच्या ऊर्जेच्या अवस्था खऱ्या ठरतील आणि निर्वात टिकणारच नाही. होरोविट्झ आणि मायर्स यांनी हा मुद्दा १९९५ मध्येच मांडला. तेव्हा पुढची उकल हाती आली की वक्रतेआधी तिचं वस्तुमान तपासा.