पतंगाची वीज : बेटावाल्यांचे प्रश्न

प्रश्न (उरण) : पतंगाने वीज करतात म्हणजे वर पंखा बांधतात का?

काहींमध्ये असतो. गूगलवाल्यांच्या मकानी कंपनीचं दोराला बांधलेलं 600 किलोवॉटचं विमान तसंच होतं, जनरेटर पंखावरच, 2020ला तो प्रोजेक्ट बंद झाला. पण आता कापडी पतंगवाली जी सिस्टीम बेटांवर पोचलीय तिच्यात जनरेटर खाली जमिनीवर असतो. पतंग आडव्या आठच्या आकड्यात सुसाट फिरतो, दोर खेचतो, फिरकीसारखा ड्रम फिरतो आणि वीज होते, मग दोर संपत आला की पतंगाचा ओढा कमी करून मोटरने तो परत गुंडाळायचा, त्यात थोडी वीज जाते, आणि पुन्हा ढील. मधल्या गॅपला बॅटरी लागतेच. खरी गंमत त्या वाऱ्याला आडव्या फिरण्यात आहे, त्यानेच पतंगाचा वेग आणि दोराची ओढ वाढते, माइल्स लॉइड या इंजिनिअरनी 1980मध्ये हे गणित मांडलं. शिवाय वर वारा जास्त, आणि वेग सव्वापट झाला की ताकद जवळपास दुप्पट होते!

प्रश्न (गिरगाव) : चाळीच्या गच्चीवर जमेल?

नाही हो. शेकडो मीटर दोर, खाली माणसं, वर विमानं. सोलर लावा.

प्रश्न (घारापुरी) : आमच्याकडे हे आधी आलं असतं तर समुद्राखालची विजेची केबल लागली नसती ना?

लागलीच असती, आणि 2018ला ती आली हे फार चांगलं झालं, तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर काढलेत तुम्ही. साडेसात किलोमीटर समुद्राखालून केबल परवडते, पण लक्षद्वीप कोचीपासून दोनशे किलोमीटरच्या पुढे, तिथे डिझेल बोटीने न्यावं लागतं. अशा ठिकाणी मला पतंग हवा वाटतो, कारण पावसाळ्यात ढगांमुळे सोलर कमी पडतं तेव्हाच वारा जोरात असतो, दोघांची जोडी मस्त जमेल. किटपॉवर या डच कंपनीची सिस्टीम 20 फुटी कंटेनरमधून जाते, 2021ला कॅरिबियनमधल्या अरुबा बेटावर डच लष्करासोबत चालवून बघितली. क्रेन नको, खोल पाया नको.

प्रश्न (वर्सोवा) : आपल्या पावसात टिकेल?

विजा कडाडल्या की उतरवावाच लागतो, वारा पडला तरी खाली, म्हणून डिझेल जनरेटर लगेच भंगारात काढू नका. ऊन आणि खारी हवा कापड खाते, दोर झिजतो, दोन्ही बदलत राहावं लागतं. त्यामुळे मशीन घ्यायच्या आधी बेटावरचीच दोन-चार पोरं तयार करा, जाळी विणणाऱ्या हातांना दोराची पारख असतेच, नाहीतर भर पावसाळ्यात टेक्निशियनची बोट कधी येते याची वाट बघत बसाल.