15 वर्षे बंद पडलेला आजोबांचा स्टिरिओ चालू करायचा आहे. थेट प्लग लावून बघू का?

नको. तुम्ही लिहिले आहे की आजोबांनी 1970 च्या दशकात कुवेतहून आणलेला सॅन्सुईचा रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र), रेकॉर्ड वाजवायचा बेल्टवर फिरणारा टर्नटेबल आणि दोन मोठे स्पीकर गोव्यात डिचोलीच्या घरी माडीवर 15 वर्षे कापडाखाली आहेत, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे घरी जमतील तेव्हा ते वाजावेत अशी इच्छा आहे. हे नक्की होण्यासारखे आहे. त्या काळचे जपानी रिसीव्हर भरभक्कम असतात आणि उघडून दुरुस्त करता येतील असेच बांधलेले असतात. पण असे बरेच सेट माडीवर पडून असताना खराब होत नाहीत, खाली आणून घाईने चालू केल्यावर जळतात.

याचे कारण इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे डबीसारखे भाग. त्यांच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्रीवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. सेट वापरात असला की तो टिकतो, वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही की झिजतो. मग एकदम पूर्ण व्होल्टेज आले की कंडेन्सरमधून करंट गळतो, तो तापतो, फुगतो, कधी फुटतोही. त्यात आपल्याकडचा पावसाळा. डिचोली किनाऱ्यापासून आत असल्याने खाऱ्या हवेचा मारा किनाऱ्यावरच्या कळंगुट-बाणावलीपेक्षा कमी, पण ओल कुठेच चुकत नाही, आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतही शिरते.

म्हणून आधी झाकण उघडा. नळ्यांच्या (कौलांच्या) छपराखाली ठेवलेल्या सेटमध्ये पालीची अंडी, मुंग्यांची माती, कोळ्याची जाळी आणि उंदराच्या लेंड्या हमखास सापडतात. उंदराचा माग दिसला तर मास्क आणि हातमोजे घाला, कोरडे झाडू नका. उंदराच्या मुतामुळे तांब्याच्या रेषा आणि ट्रान्झिस्टरचे पाय खाल्ले जातात, त्यामुळे ती जागा 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसून नीट तपासा. बाकीची धूळ रंगाच्या ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढा. हे करण्याआधी प्रत्येक बाजूने मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण निघालेली एक वायर कुठली होती हे आठवड्याने कुणालाच आठवत नाही.

मग वाळवणे. सेट झाकण काढून एका बंद कपाटात ठेवा, खालच्या कप्प्यात 40 वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा, कापड-कागदापासून दूर, आणि दोन-तीन दिवस दिवसा चालू ठेवा. उन्हात ठेवू नका. प्लास्टिकची बटणे वाकतात. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे 500 व्होल्टचा मेगर (वीज कुठे गळते ते तपासणारा मीटर) असेल तर प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून, सेटचा स्विच ऑन ठेवून, पिना आणि चासी (सेटचा धातूचा सांगाडा) यांच्यामधला रोध मोजा. 20 मेगाओमच्या वर असेल तर उत्तम. 2 मेगाओमच्या खाली असेल तर वीज जोडायची नाही, अजून वाळवायचे.

आता मागची पाटी वाचा. आखातात विकलेल्या सेटवर बहुधा 220 किंवा 240 व्होल्ट असते, अनेकांना व्होल्टेज बदलायचा सिलेक्टर असतो. तो 240 वर ठेवा. पण घरात कुणी तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असेल आणि एखादी वस्तू जहाजावरून उतरून थेट जपानात घेतलेली असेल तर ती 100 व्होल्टची निघू शकते. तिला 230 दिले तर खेळ तिथेच संपला. तिला 230 ते 100 व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, पाटीवरच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा. त्या काळच्या जपानी सेटचा एफएमचा पट्टाही 76 ते 90 मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे गोव्यातली 90 च्या वरची स्टेशने त्यावर लागणारच नाहीत. सेट बिघडला आहे असे समजू नका. सिलेक्टर 120 वरून 240 वर नेला असेल तर फ्यूज निम्म्या अँपियरचा घाला: 5 चा असेल तर 2.5, स्लो-ब्लो (क्षणभराच्या जास्त करंटने न उडणाऱ्या) प्रकारचा. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला सापडला तर समजा की आधी कुणीतरी बिघाड झाकून ठेवला आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी दुप्पट सावधपणे करा.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डमधून. एका लाकडी फळीवर होल्डर आणि सॉकेट बसवा, फेजच्या तारेत 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये येईल असे जोडा. एलईडी किंवा सीएफएल चालत नाही. स्पीकर, टर्नटेबल काहीही जोडू नका, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर मोठे शॉर्ट नाही. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा: रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग), मुख्य कंडेन्सर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. त्या वेळी बल्बने सेटला वाचवलेले असते. थेट प्लगवर हाच सेट धूर सोडतो. बल्ब मंद राहिला तर अर्धा तास तसेच चालू ठेवा, शेजारी बसून, वास आणि तापणे यांवर लक्ष ठेवून. कमी व्होल्टेजवर कंडेन्सरचा थर हळूहळू पुन्हा बसतो. 60 च्या बल्बवर आतला रिले (स्पीकरची वाट जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) टक् करत नसेल तर 100 वॅटचा बल्ब लावून बघा. बल्ब सिरीजमध्ये असताना गाणी वाजवायची नाहीत, त्यातून काहीच कळत नाही.

इथवर ठीक झाले की थेट वीज द्या आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. दोन्ही चॅनेलवर 50 मिलिव्होल्टच्या आत हवे, 20 च्या आत असेल तर छानच. एखाद्या बाजूला 1 व्होल्ट किंवा जास्त दिसले तर स्पीकर जोडू नका, कॉइल जळेल. चालू केल्यावर तीन ते आठ सेकंदांनी टक् आवाज आला तर संरक्षक रिले काम करतो आहे. आवाज आलाच नाही तर बहुतेक वेळा दोष रिलेचा नसतो. मागे डीसी येत असते आणि रिले इमानाने वाट अडवून धरतो. त्याला तार टाकून बायपास करणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना सेट देऊ नका. रिले टक् करतो पण एक बाजू मंद किंवा फाटकी वाजते, तेव्हा त्याचे पॉइंट काळे पडलेले असतात. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी पॉइंटमधून दोन-चारदा ओढा. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा निघून जातो.

आत हात घालण्याआधी मुख्य कंडेन्सर रिकामे करा. प्लग काढल्यावरही 10,000 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये 40-50 व्होल्ट बराच वेळ राहतात. 1 किलोओम 5 वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना मिनिटभर धरा, मीटरने 1 व्होल्टखाली आल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करण्याची सवय वाईट.

कंडेन्सर किती बदलायचे यावर मते वेगवेगळी आहेत. माझे मत: सगळे सरसकट काढू नका. ऑडिओच्या वाटेवरचे आणि पॉवर सप्लायचे छोटे इलेक्ट्रोलिटिक बदला. मोठे दोन तेव्हाच बदला जेव्हा ते फुगलेले असतील, ईएसआर मीटर (कंडेन्सरचा आतला रोध मोजणारा) जास्त दाखवेल, किंवा स्पीकरमध्ये 100 हर्ट्झची गुणगुण येईल. फिल्म कंडेन्सरना हात लावू नका, ते सहसा बिघडत नाहीत. नवा कंडेन्सर तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा आणि 105 अंश सेल्सियसचा घ्या, आणि पक्के बिल देणाऱ्या वितरकाकडूनच. निचिकॉन, रुबिकॉनच्या नावाने नकली माल खूप येतो. एका वेळी एकच काढा, एकच लावा, खुणेची बाजू बघून. एका बैठकीत 40 काढले तर चूक कुठे झाली ते शोधणे जवळपास अशक्य होते.

त्याच वेळी बोर्डवर मोठ्या भागांच्या बुडाशी लावलेला फिकट गोंद बघा. जुन्या जपानी सेटमध्ये तो वयाने तपकिरी-काळा होतो, दमट हवेत वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय कुरतडतो. बांबूच्या काडीने खरवडून, थोड्या ॲसिटोनने पुसून तो सगळा काढा. न समजणारे कितीतरी बिघाड इथे सापडतात. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही पॉपकॉर्न फुटल्यासारखा आवाज येत असेल तर त्या काळचे 2एससी458 आणि 2एसए726 हे ट्रान्झिस्टर संशयित असतात. त्यांचे पाय काळे पडलेले दिसतात. आजचे केएससी1845 आणि केएसए992 लावता येतात, फक्त पायांचा क्रम डेटाशीटवर ताडून बघा. तो जुन्यासारखाच असेल असे धरू नका.

पॉट (व्हॉल्यूम-टोनची फिरती बटणे) आणि स्विच खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा पॉटच्या फटीतून आत मारा आणि 30-40 वेळा फिरवा. साधा डब्ल्यूडी-40 नको, त्याचा चिकट थर राहतो आणि आपल्या धुळीत तो घट्ट होतो. ट्यूनरच्या फिरत्या पात्यांच्या कंडेन्सरवर फवारा जाऊ देऊ नका. डायलच्या काचेच्या आतल्या बाजूला आकडे छापलेले असतात; ते अल्कोहोलने क्षणात पुसले जातात आणि परत मिळत नाहीत. ती बाजू फक्त कोरड्या मऊ ब्रशने झाडा.

टर्नटेबलचा बेल्ट बहुधा वितळून पुलीला चिकटलेला असेल. अल्कोहोलने पुली आणि आतली प्लेट पूर्ण स्वच्छ करा, नाहीतर नवा बेल्टही घसरेल. बेल्ट मॉडेल नंबरने मागवा. आर्म आपोआप उचलणारी यंत्रणा अडली असेल तर जोर लावू नका, आतले ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते; ते काढून पांढरे लिथियम ग्रीस लावा. बेअरिंगमध्ये हलक्या मशीन तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. रेकॉर्ड ओढल्यासारखी हळू वाजली तर मोटर 60 हर्ट्झच्या पुलीची आहे का बघा: आपल्या 50 हर्ट्झवर 33⅓ चे साधारण 27.8 फेरे होतात, आणि इलाज फक्त 50 हर्ट्झची पुली. सुई नवीच घ्या, कारण 15 वर्षांत तिच्या दांडीचे रबर कडक होते. सुईचे रेकॉर्डवरचे वजन बहुतेक कार्ट्रिजना (सुई बसते त्या भागाला) 1.5 ते 2 ग्रॅम लागते, छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. टर्नटेबल लावल्यावरच 50 हर्ट्झची घरघर आली तर आधी त्याची बारीक अर्थची तार रिसीव्हरच्या स्क्रूला लावली आहे का ते पाहा.

स्पीकरची जाळी काढून कोनच्या कडेला बोट लावा. कड फोमची असेल तर ती चिकट होऊन गळून पडलेली असण्याचीच शक्यता जास्त. दमट हवेत फोम 15-20 वर्षे टिकला तरी पुष्कळ. कापडाची किंवा रबरची कड सहसा शाबूत असते. फोम बदलायला कोनचा बाहेरचा आणि कडेचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून किट मागवा. जुना फोम अल्कोहोलने खरवडा, आधी कोनला चिकटवा, एक दिवस थांबा, मग फ्रेमला चिकटवताना मोबाइलवरून 30 हर्ट्झचा सूर रिसीव्हरमार्फत त्याच स्पीकरवर अगदी हलका वाजवत ठेवा. कॉइल घासली तर लगेच कानाला कळते आणि गोंद ओला असतानाच कोन सरकवता येतो. 8 ओमचा वूफर मल्टिमीटरवर 5.5 ते 7 ओम दाखवतो. काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटली आहे. खोक्याला वाळवी लागली आहे का तेही पाठीमागे ठोकून बघा, पोकळ आवाज येतो.

घरात त्याहून जुना, पोर्तुगीज काळातला (1961 च्या आधीचा) वाल्वचा रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत) असेल तर वरची पद्धत त्याला लावू नका. त्यात 250 ते 300 व्होल्ट डीसी असते आणि स्पीकर न जोडता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तो वाल्व जाणणाऱ्या माणसाकडेच द्या.

सेट चालू झाला की माडीवर परत नेऊ नका. बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, वरून नळा गळत नाही अशा जागी ठेवा. त्याच्या सर्किटवर 30 मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, कारण जुन्या दोन पिनांच्या सेटला अर्थिंग नसते आणि पावसात जमीन ओली असते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तासभर चालवा, आतल्या उष्णतेने ओल निघते. विजा चमकू लागल्या की प्लग आणि एरियल दोन्ही काढा.