पॅनल कुठले ते नंतर ठरवा, आधी छताखाली वासे कुठे आहेत ते शोधा

तुमच्या कॅम्पिंग ट्रेलरच्या रबरी छतावर सोलर पॅनल बसवणारा म्हणाला, "स्क्रू कुठेही मारले तरी चालतात, वरून सिलिकॉन भरून देतो," आणि वॉरंटीचं विचारल्यावर "काही होत नाही हो" म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. आमच्या ट्रेलरच्या वेळी मी हीच दोन वाक्यं ऐकली होती, जवळजवळ याच शब्दांत. पुढे छताचा अख्खा कोपरा उघडून नवा करावा लागला. वॅट आणि बॅटरीचा हिशेब तुम्ही व्यवस्थित केलेला दिसतोय, १०० वॅटचे चार पॅनल आणि लिथियम बॅटरी ठीकच आहे, त्यात मी शिरत नाही. तुमचे दोन प्रश्न आहेत: लवचिक पॅनल घ्यावेत की काचेचे, आणि रबरी छताला ते धरायचे कसे. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण नुकसान तिथेच होतं.

मी इलेक्ट्रिशियन नाही आणि ट्रेलर दुरुस्ती हा माझा व्यवसायही नाही. तुमच्या ट्रेलरचं छत वेगळ्या बांधणीचं असू शकतं, त्यामुळे बनवणाऱ्याकडून खात्री केल्याशिवाय माझ्या शब्दावर ड्रिल लावू नका.

रबरी छत म्हणजे वर ईपीडीएम (कृत्रिम रबर) किंवा टीपीओची (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक) पातळ शीट, तिच्याखाली पातळ प्लायवूड, बऱ्याच ट्रेलरांत जेमतेम ९-१० मिलिमीटरचं, आणि त्याखाली आडवे वासे, बहुधा ४० किंवा ६० सेंटिमीटर अंतरावर. काही ट्रेलरांत तर फोमच्या दोन्ही बाजूंना नुसता प्लायचा पापुद्रा असतो. वासा चुकला की स्क्रूला धरायला तेवढं पातळ लाकूडच उरतं. गाडी उभी असताना काहीही जाणवत नाही. ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४८ किलो वजनाइतका भरतो. १०० वॅटचा पॅनल साधारण अर्ध्या चौरस मीटरचा असतो, म्हणजे चार पॅनलांचे मिळून दोन चौरस मीटर. प्रत्यक्षात किती उचल बसते ते पॅनलखालच्या फटीवर आणि छताच्या आकारावर ठरतं, पण समोरून ट्रक गेला की जो झटका बसतो तो याच्या वर. शिवाय तासन्‌तास थरथर.

आमच्या बसवणाऱ्याने पॅनलचे पाय जिथे आले तिथेच स्क्रू मारले. वासे शोधलेच नव्हते. काही पाय सुदैवाने वाशावर बसले, मागच्या कोपऱ्यातले नुसत्या प्लायवर. थरथरीने भोकं हळूहळू लांबट झाली आणि पाणी आत जाऊ लागलं. हे पाणी भोकाच्या खाली टपकत नाही. ते वाशाच्या कडेने उतारावर जातं आणि भलत्याच ठिकाणी फुटतं. आम्हाला ते पलंगावरच्या कपाटात सापडलं. आतल्या भिंतीला अंगठा लावला तर तो आत गेला, वरचा कागद मात्र कोरडा आणि शाबूत. छतावर जाऊन पायाभोवतीचं सिलिकॉन ओढलं, तर ते केळ्याच्या सालीसारखं एका पट्टीत निघून आलं. रबराला ते चिकटलेलंच नव्हतं. खालचा स्क्रू दोन बोटांनी उपसला गेला आणि त्याच्या आट्यांमध्ये काळा, ओला भुसा भरला होता. शीट उचलली तेव्हा प्लायवूडचे थर पुस्तकाच्या पानांसारखे नव्हे, चिखलासारखे झाले होते.

इथून पुढची टोलवाटोलवी मला आजही सहन होत नाही. ट्रेलर विकणाऱ्याच्या सर्व्हिस काउंटरवर सांगितलं, पॅनल आम्ही बसवले नाहीत, बसवणाऱ्याकडे जा. बसवणारा म्हणाला, तुमचं छत आधीपासूनच गळत असणार. बनवणाऱ्या कंपनीच्या दावे विभागाने फोटो मागवले, मग आणखी फोटो मागवले, मग तेच फोटो दुसऱ्या आकारात मागवले आणि शेवटी एका ओळीत कळवलं की विक्रीनंतर छतात फेरफार झाल्याने दावा बसत नाही. ती एक ओळ पहिल्याच दिवशी लिहिता आली असती. मधल्या काळात छत ताडपत्रीखाली झाकलेलं आणि आतली बुरशी वाढत होती, कारण सगळे म्हणत होते, "पाहणी होईपर्यंत काही उघडू नका." पाहणीला कोणीच आलं नाही. आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: बसवण्याआधीचे फोटो आहेत का? हा प्रश्न इतका महत्त्वाचा होता तर काम सुरू होण्याआधी एकाने तरी सांगायचं होतं.

म्हणून हे काम होण्याआधी करा. छताचे चारही कोपरे, सगळ्या सांधपट्ट्या, आतली कपाटं आणि छताच्या आतल्या बाजूचे तारखेसह फोटो काढा. आधीच ओल असेल तर ती तेव्हाच दिसेल. बसवणाऱ्याकडून लेखी घ्या की स्क्रू वाशात जातील, कुठलं सीलंट वापरणार आणि गळती झाली तर जबाबदारी कोणाची. वॉरंटीबद्दल "काही होत नाही" हे उत्तर नसतं. शीटची वॉरंटी बहुतेक वेळा शीट बनवणाऱ्याची वेगळी असते आणि ती मालातल्या दोषापुरती असते, तुम्ही पाडलेल्या भोकासाठी नाही. ट्रेलर बनवणाऱ्याला ईमेल करून विचारा. फोनवरचं उत्तर नंतर कोणाला आठवत नाही.

वासे शोधायला ठोकून बघणं हा जुना उपाय आहे, पण शीटखाली फोम असेल तर आवाज फसवतो. लोहचुंबक फिरवा, प्लाय ज्या स्क्रूंनी किंवा पिनांनी वाशाला ठोकलंय ते सापडतात आणि त्यांची रांग म्हणजेच वासा. तिरप्या उन्हात शीटवर बारीक उंचवट्यांच्या रेषाही दिसतात. छतावरच्या हवेच्या झरोक्याची आतली चौकट काढली की छताचा छेदच समोर येतो: प्लाय किती जाड, फोम आहे की नाही, चौकट लाकडाची की अ‍ॅल्युमिनियमची. चौकट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर लाकडाचे स्क्रू चालणार नाहीत, हे बसवणाऱ्याला माहीत आहे ना ते विचारून घ्या.

पॅनलचे पाय आणि वासे यांचं अंतर जुळत नाहीच, जुळलं तर नशीब. माझं ठाम मत: अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत टाका, त्या वाशांत घट्ट करा आणि पॅनल त्या पट्ट्यांवर चढवा. छताला भोकं कमी पडतात, ती सगळी भक्कम लाकडात पडतात आणि उद्या पॅनल बदलायचा झाला तर छताला हात लावावा लागत नाही. वजन थोडं वाढतं. ट्रेलरची वाहनक्षमता तपासा, पण यासाठी ते वजन मी आनंदाने मोजते.

प्रत्येक पायाखाली आधी ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), मग स्क्रू, आणि वरून स्वतः पसरणारं छताचं सीलंट, पायाची कड आणि स्क्रूची डोकी पूर्ण बुडतील इतकं. ते ईपीडीएमसाठी आहे की टीपीओसाठी, हे डब्यावर वाचा. दोन्ही शीट दिसायला सारख्या वाटल्या तरी वेगळ्या आहेत. उतारावर किंवा कडेला हे सीलंट ओघळतं, तिथे न ओघळणारा प्रकार लागतो. सिलिकॉन मात्र नको म्हणजे नकोच. एकतर ते रबराला नीट धरत नाही, आणि एकदा लागलं की त्याचा तेलकट थर राहतो, ज्यावर पुढे योग्य सीलंटही चिकटत नाही. दुरुस्तीत आमचा सर्वाधिक वेळ तो थर काढण्यात गेला. ईपीडीएम पुसायला पेट्रोल, रॉकेल किंवा तसलं द्रावण वापरू नका, रबर फुगतं.

"भोकंच नकोत, दुहेरी टेपने चिकटवा" असा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. फायबरग्लासच्या किंवा पत्र्याच्या छतावर चांगली टेप उत्तम काम करते, मी नाकारत नाही. रबरी शीटवर मात्र टेप शीटला धरते, आणि शीट प्लायला फक्त गोंदाने धरलेली असते. वाऱ्याने पॅनलसकट शीटच उचलली गेली तर टेपचा काय दोष?

आता लवचिक की काचेचे. तुमच्या सपाट छतासाठी काचेचेच. लवचिक पॅनल हलके आणि देखणे असतात, पण छताला चिकटवले की खालून वारा जात नाही. पॅनलवर लिहिलेले वॅट पेशींचं (वीज बनवणाऱ्या सेलचं) तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. कडक उन्हात पेशी ६५ अंशांवर गेल्या तर १५ टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले. काचेचा पॅनल दोन-चार सेंटिमीटर उचलून बसवला की हवा खेळते आणि छतावर सावली पडल्याने आतली उष्णताही कमी होते. लवचिक पॅनल वाकून पेशींना बारीक तडे जातात, वरचा प्लॅस्टिकचा थर धुरकट होतो, आणि बदलायचा म्हटलं तर शीटवरून ओरबाडून काढावा लागतो. गोलाकार छत किंवा वर उचलायचं हलकं छत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दुसरा मार्गच नसतो.

जागा ठरवताना पॅनलच्या मापाचे पुठ्ठे कापून छतावर मांडा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी चढून सावल्या बघा. एसीच्या खोक्याची सावली वाटते त्यापेक्षा लांब जाते. पॅनलच्या पेशी एकामागोमाग जोडलेल्या असतात, म्हणून एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा उत्पादन बरंच खाली आणते. झरोक्याचं झाकण पूर्ण उघडून बघा, अँटेना फिरवून बघा. आणि छतावर चालायला, सीलंट तपासायला वाट ठेवा. सगळं छत पॅनलने भरणाऱ्यांना पुढे सांधपट्टीपर्यंत हात पोचत नाही.

जोडणीबद्दल थोडक्यात. १०० वॅटच्या पॅनलचं मोकळं व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) २२ च्या आसपास असतं, चार सलग जोडले तर ८८. थंडीत व्होल्टेज वाढतं, उणे १० अंशांना साधारण १० टक्क्यांनी, म्हणजे १०० व्होल्टचा कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) अगदी काठावर येतो. दोन-दोन सलग आणि त्या दोन जोड्या समांतर, ही रचना मला सर्वांत समंजस वाटते. सावलीतही बरी, वायरही फार जाड लागत नाही. कंट्रोलर एमपीपीटीच घ्या, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तुमच्या बॅटरीत ती अडवण्याची सोय आहे का ते आत्ताच बघून घ्या.

तुमच्या ट्रेलरवर "सोलरसाठी तयार" असं लिहिलंय म्हणता, त्यावर विसंबू नका. बऱ्याचदा ती एक बारीक वायर आणि एक सॉकेट असतं, आणि सॉकेटचे धन-ऋण उलटेही असू शकतात. मीटर लावल्याशिवाय काही जोडू नका, आणि ती वायर चार पॅनलांचा करंट पेलेल का ते वायरवर छापलेल्या जाडीवरून तपासा. नवी वायर आत न्यायला मी छतावरची सीलबंद वायरपेटीच निवडेन. फ्रिजच्या धुराड्यातून वायर सोडणारे बरेच आहेत. नवं भोक पडत नाही हे खरं, पण गॅसवरच्या फ्रिजचं धुराडं तापतं, वायर त्याच्यापासून लांब बांधलेली हवी.

पॅनल तिरके करायचे पाय आत्ता घेऊ नका. हिवाळ्यात महिनोन्‌महिने एका जागी राहणार असाल तर उपयोग आहे, नाहीतर दर मुक्कामाला छतावर चढणं आणि निघताना पॅनल पुन्हा आडवे करायचं विसरण्याचा धोका.

बसवणाऱ्याच्या तारखेला बांधून घेऊ नका, ती पुढे ढकला. त्याला विचारा, वासे कसे शोधणार. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा माणूस बघा, आगाऊ दिलेले पैसे बुडले तरी. आणि बनवणाऱ्या कंपनीला चॅसी नंबर देऊन छताच्या चौकटीचा नकाशा आजच मागा. उत्तर यायला वेळ लागतो, काही वेळा दोनदा आठवण करावी लागते. नकाशा हातात आला की वाशांची अंतरं आणि पॅनलची मापं इथे लिहा, पट्ट्या कुठून कुठे टाकता येतील ते मी बघून सांगते.