संसदीय पद्धतीत सरकार, संसद आणि कोर्ट खरंच वेगवेगळे असतात का?
कोर्ट वेगळं असतं, पण सरकार आणि संसद पूर्ण वेगळे नसतात बघा. आपण खासदार निवडतो, त्यातल्या बहुमतवाल्यांचं मंत्रिमंडळ होतं, बाहेरचा कुणी मंत्री केला तर ६ महिन्यांत त्याला खासदार व्हावं लागतं, आणि लोकसभेचा विश्वास गेला की सगळं मंत्रिमंडळच जातं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मतानं पडलं की ओ! राज्यात हेच विधानसभेला लागू.

कोर्टाचं म्हणाल तर आपल्या कोल्हापूरचं सर्किट बेंच घ्या, म्हणजे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश कोल्हापुरात बसून खटले ऐकतात ते, वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली, पण ते नुसत्या मंत्रिमंडळाच्या ठरावानं होत नाही, १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीनं ठरवतात, तसं ते १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. इमारत, पैसा मात्र सरकारनंच द्यायचा.