आधी पाणी बघ, मग झाड

प्रिय,

स्कॉटलंडच्या उत्तरेला, फ्लो कंट्री या दलदलीच्या प्रदेशात कामाला निघालीस हे वाचून फार आनंद झाला. पीटबद्दल, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींच्या थराबद्दल, काय वाचू, असं विचारलंस. वाचशीलच, पण पहिल्या दिवशी एक कर. गुडघ्यावर बस, स्फॅग्नम शेवाळाचा मूठभर पुंजका उचल आणि फडकं पिळावं तसा पीळ. पाणी थेट कोपरापर्यंत ओघळेल. हे शेवाळ कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरतं, कारण त्याच्या पानांतल्या कितीतरी पेशी मेलेल्या, पोकळ असतात.

पावसाच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते ओढून घेतं आणि बदल्यात पाणी आंबट करून ठेवतं. त्यात खाली प्राणवायू पोचत नाही, म्हणून कुजणं जवळजवळ थांबतं. वरून शेवाळ वाढत जातं, खालचं मरून साठत राहतं. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, त्या वर्षीचा थर तुझ्या पायाखाली दीड वीत असेल! मी पहिल्यांदा नमुना काढला तेव्हा तळाशी बर्चच्या फांदीचा तुकडा निघाला होता. काही हजार वर्षांपूर्वीचा, पण साल अजून चकाकत होती. किती तरी वेळ मी तो हातातून खाली ठेवला नाही.

तिथे किडे खाणाऱ्या रोपट्यांतला दवबिंदूही भेटेल, कासच्या पठारावर पाहिलास त्याचाच भाऊबंद. दोन्हीकडे जमीन निकस, म्हणून तो किडे धरून नायट्रोजन मिळवतो. पण कासचं पाणी पावसाळ्यानंतर आटतं, तिथलं बाराही महिने टिकतं. आपल्या सड्यांवर पीट का साचत नाही, याचं मोठं कारण हेच.

आता जे मला खरं तर सांगायचं आहे ते. १९८०च्या दशकात करसवलत मिळते म्हणून बाहेरच्यांनी तिथे पैसा ओतला. खोल चर नांगरले, सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावले. सवलत १९८८ साली बंद झाली, पण तोवर पाणी निघून गेलं होतं. हवा आत शिरली आणि हजारो वर्षांचा कार्बन कुजून वर जाऊ लागला. मोकळ्या माळावर घरटी करणारे सोनेरी चिखल्या पक्षी झाडांच्या कडेपासून दूर सरले. पीट जगाच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के, पण त्यात सगळ्या जंगलांतल्या झाडांहून जास्त कार्बन आहे. आज तिथे तीच झाडं तोडून चर बुजवतात. २०२४ साली हा प्रदेश जागतिक वारसा ठरला.

आपल्याकडे झाड लावणं म्हणजे पुण्यच. तरुणपणी मीही एका सड्यावर खड्डे खणून रोपं लावली, दवबिंदू होता नेमक्या तिथेच. ते अजून बोचतं. म्हणून म्हणतो, कुठलीही ओसाड दिसणारी जमीन पाहिलीस तर तिथे पाणी किती दिवस उभं असतं हे आधी विचार.

चालताना हिरव्यागार, गालिच्यासारख्या जागी पाय टाकू नकोस, ते शेवाळ पाण्यावर तरंगत असतं. तांबूस उंचवटे बघून चाल. चेहऱ्यावर घ्यायची बारीक जाळी विसरू नकोस, तिथली चिलटं फार चावतात.

पोचल्यावर पहिल्या पत्रात खुशाली दोन ओळींत पुरे. पृष्ठभागापासून पाणी किती सेंटिमीटर खाली आहे, ते मात्र नक्की कळव.

तुझा,
काका