स्पॉन्सरशिप विकत मिळते का हो?

परदेशातल्या शाळांमधल्या नोकऱ्यांवर यावेळी एवढे प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. बरेचसे प्रश्न एकसारखेच होते, त्यामुळे काही एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव.

ताई, मी बीएस्सी बीएड, ८ वर्षं फिजिक्स शिकवतेय. एक एजंट म्हणतोय की इंग्लंडमध्ये शिक्षकांची टंचाई आहे, साडेचार लाख भरा, स्पॉन्सरशिप लेटर ३ महिन्यांत हातात. मिस्टर म्हणतात सोनं मोडू. काय करू? — नाशिक

सोनं मोडू नका, आधी हे वाचा. टंचाई आहे हे खरंय, फिजिक्सची तर आहेच, पण साडेचार लाखांत तो जे विकतोय ते विकायची वस्तूच नाहीये. तिकडे स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो आणि त्यासाठी शाळेकडे (किंवा शाळांच्या ट्रस्टकडे) सरकारी स्पॉन्सर लायसन्स असावं लागतं, मग ती शाळा तुमचा इंटरव्ह्यू घेऊन, तुम्हाला निवडून, तुमच्या नावाने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढते. नावात सर्टिफिकेट असलं तरी तो एक ऑनलाइन नंबर असतो, छान शिक्का मारलेला कागद कोणी पाठवला तर तिथेच ओळखा. आणि त्या सर्टिफिकेटची नि लायसन्सची फी शाळेनेच भरायची, ती उमेदवाराकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून बंदी आहे. म्हणजे जो माणूस तुमच्याकडून "स्पॉन्सरशिपचे" पैसे मागतोय तो एकतर थाप मारतोय किंवा अशा शाळेसाठी काम करतोय जी नियम मोडतेय, दोन्हीकडे तुम्ही जायचं नाही.

आपल्याकडचा कायदाही आहे बरं का. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. साडेचार लाख कुठे आणि तीस हजार कुठे! त्याला फक्त नोंदणी नंबर विचारा, पुढचं संभाषण आपोआप लहान होतं.

आता खरा रस्ता सांगते, कारण तुमची केस चांगली आहे. इंग्लंडमध्ये शिक्षकाची पात्रता म्हणजे क्यूटीएस. २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिचा अर्ज थेट तिथल्या सरकारकडे करता येतो, अर्जाला फी नाही. अट अशी की तुम्ही ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायला पात्र असायला हव्यात, पदवी हवी, बीएड हवं आणि निदान एक शैक्षणिक वर्षाचा अनुभव हवा. फिजिक्स त्यात बसतं. इतिहास-भूगोलवाल्यांनी मला रागावू नका, ही वाट सध्या तुमच्यासाठी नाहीये. क्यूटीएस हातात नसतानाही परदेशात प्रशिक्षण झालेल्या शिक्षकाला तिथल्या सरकारी शाळेत ४ वर्षांपर्यंत शिकवता येतं, पण माझं मत विचाराल तर आधी क्यूटीएस मिळवा, कारण मुख्याध्यापकाच्या टेबलावर दोन अर्ज असले तर तो कुठला उचलेल हे सांगायला नको.

नोकरी शोधायची ती तिथल्या शिक्षण खात्याच्या टीचिंग व्हेकन्सीज या फुकट सेवेवर, जाहिरातीतच लिहिलेलं असतं की व्हिसा स्पॉन्सर करणार की नाही. लायसन्स असलेल्या संस्थांची यादी सरकारी वेबसाइटवर उघडी आहे, शाळेचं नाव त्यात आहे का बघा, ऑफस्टेडचा (शाळा तपासणारी तिथली सरकारी संस्था) रिपोर्ट वाचा. यादीत नाव आहे म्हणजे जागा आहे असं मात्र नाही, एजंट लोक ही यादीच "आमच्या शाळा" म्हणून दाखवतात! वेळही महत्त्वाची आहे, तिथले शिक्षक सप्टेंबरपासून सोडायचं असेल तर ३१ मे पर्यंत राजीनामा देतात, त्यामुळे जाहिराती साधारण जानेवारी ते मे या काळात जोरात असतात. दिवाळीत अर्ज टाकून गणपतीपर्यंत उत्तर नाही म्हणून रडू नका.

पैशाचं गणित पण करा. २०२५-२६ मध्ये लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार वर्षाला ३२,९१६ पौंडांपासून सुरू होतो, तुमचा अनुभव धरून वरच्या पायरीवर घ्या म्हणून मागायचं, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. उलट बाजूला व्हिसाची फी आहे आणि हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे) आहे, तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम आधी भरायचा. ३ वर्षांचा व्हिसा असेल तर एका माणसाचेच साडेतीन लाखांच्या आसपास जातात, नवरा आणि मूल बरोबर असेल तर त्यांचे वेगळे (मुलाला वर्षाला ७७६ पौंड). मोडायचंच असेल तर सोनं यासाठी मोडा, आणि तेही शाळेचं पत्र आल्यावर, काही शाळा हा खर्च उचलतात सुद्धा. मिस्टरांना तिथे नोकरी करता येते, ही एक जमेची बाजू.

माझं शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, बीएस्सी गणित इंग्रजीत झालं पण बोलताना अडखळतो. आयईएलटीएस लागेलच का? — सांगली

लागेल असं धरून चाला. कॉलेजचं "शिक्षण इंग्रजीतून झालं" असं पत्र क्यूटीएसच्या अर्जाला चालून जाईल, पण व्हिसासाठी ते एकटं पुरत नाही, पदवीची इंग्रजी एक्टिस या संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावी लागते नाहीतर परीक्षा द्यावी लागते, आणि ८ जानेवारी २०२६ पासून व्हिसासाठी लागणारी इंग्रजीची पातळी बी-१ वरून एक पायरी वर, बी-२ वर नेलीय. परीक्षा देणारच असाल तर फॉर्म भरताना "यूकेव्हीआय" (तिथलं व्हिसा खातं) लिहिलेली आयईएलटीएसच निवडा, साधी दिली तर पैसे आणि महिना दोन्ही गेले.

पण सर, खरा प्रश्न परीक्षेचा नाही. इंटरव्ह्यूमध्ये तुम्हाला १५ वर्षांच्या पोरांसमोर (किंवा कॅमेऱ्यासमोर) २०-३० मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात, आणि ती पोरं "सर आले" म्हणून उभी राहत नाहीत. गणित तुम्हाला येतं, ते इंग्रजीत *बोलायची* सवय आजपासून लावा, वर्गातल्या सूचना, दटावणं, शाबासकी, हे सगळं इंग्रजीत घरच्या आरशासमोर. व्याकरण थोडं चुकलं तर चालतं, थांबून राहिलात तर वर्ग हातातून जातो.

मॅडम, दुबईतल्या एका भारतीय शाळेकडून ऑफर आहे, प्रायमरी टीचर. ते म्हणतात सर्टिफिकेट अटेस्ट करून पाठवा. माझं लग्नानंतर नाव बदललंय आणि सगळं गोंधळाचं झालंय. नवऱ्याला नेता येईल का? — कोल्हापूर

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बायकांचा खास आहे, म्हणून जरा सविस्तर. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर काहींचं पहिलं नावसुद्धा बदलतं. म्हणजे एकाच बाईची पदवी एका नावाने, बीएड दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या, आणि दुबईतल्या कारकुनाला हे सांगायचं कसं? तुम्ही आत्ता एवढं करा: मॅरेज सर्टिफिकेट काढलं नसेल तर काढा, त्यात लग्नाआधीचं पूर्ण नाव आहे ना बघा, आणि पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घ्या. ॲफिडेव्हिट स्वस्त पडतं खरं, पण बाहेरच्या देशात राजपत्राचं वजन जास्त.

अटेस्टेशनचा क्रम असा, आधी विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मग मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि शेवटी तिकडे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. अपोस्टिल (करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का) केलं की झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे पण यूएई नाहीये. मॅरेज सर्टिफिकेटही याच चक्रातून काढा, कारण नवऱ्याच्या व्हिसासाठी तेच लागणार.

नवऱ्याला नेता येतं, बायकोही स्पॉन्सर होऊ शकते. पगार ४,००० दिरहॅम हवा, किंवा ३,००० आणि राहायची सोय. तुमच्या ऑफरचा आकडा तुम्ही लिहिला नाही, म्हणून सांगते की दुबईत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा ब्रिटिश शाळांपेक्षा बऱ्याच कमी पगार देतात. तेव्हा घरभाडं शाळा देते का, वर्षाला तिकीट देते का, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळतो का, हे लेखी घ्या, तोंडी "मिळतं हो सगळ्यांना" चालणार नाही. वर्क परमिटचा खर्च तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्याने मालकावर टाकलाय, प्रोबेशन ६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि एक वर्ष पूर्ण झालं की सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. इथेच गंमत आहे, काही शाळा मूळ पगार अगदी लहान दाखवून बाकी भत्त्यात टाकतात, म्हणजे ग्रॅच्युइटीही लहान. पासपोर्ट शाळेच्या ऑफिसात ठेवायचा नाही, तो ठेवून घेणं तिथेही बेकायदा आहे. आणि "व्हिजिट व्हिसावर या, शिकवायला लागा, कागद मागून होतील" म्हणाले तर विमानात बसू नका.

अमेरिकेत जे-१ वर शिक्षक म्हणून जाता येतं असं ऐकलंय. एच-१बी का नाही? माझा भाचा म्हणतो दोन वर्षं टॅक्सच लागत नाही. — पुणे

एच-१बी म्हणजे तिथला नेहमीचा नोकरीचा व्हिसा, त्याचा विषय शाळांपुरता जवळजवळ मिटलाच, सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली, कुठलं स्कूल डिस्ट्रिक्ट (तिथल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) एका गणिताच्या शिक्षकासाठी एवढं भरणार!

जे-१ म्हणजे सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा, त्याची टीचर कॅटेगरी मात्र आहे आणि बरी आहे. पदवी-बीएड, किमान २ वर्षं पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव, आणि सध्या इथे शिक्षक म्हणून काम करत असणं (ब्रेक घेतलेल्यांना वेगळे नियम आहेत, पण नोकरी सोडून अर्ज करू नका, हा माझा आग्रह). ३ वर्षं मिळतात, वर आणखी १-२ वर्षं वाढू शकतात. इथे स्पॉन्सर म्हणजे शाळा नव्हे, अमेरिकन परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था, तीच व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म देते, आणि ही संस्था फी घेते, कायद्याने घेऊ शकते, काही हजार डॉलरपर्यंत. म्हणजे इंग्लंडचा नियम इथे लावू नका, फक्त ती संस्था खात्याच्या यादीत आहे का तेवढं बघा आणि फी कुठल्या टप्प्यावर भरायची, परत मिळते का हे विचारा. संपल्यावर पुन्हा याच कॅटेगरीत जायचं तर २ वर्षं बाहेर राहावं लागतं. नवरा किंवा बायको जे-२ वर (जोडीदाराचा व्हिसा) कामाची परवानगी मागू शकते.

जुन्या लेखांमध्ये वाचाल की जे-१ वाल्या भारतीयांना दोन वर्षं परत येऊन राहावंच लागतं. त्याचं मोठं कारण एक स्किल्स लिस्ट होती (कुठल्या देशाला कुठली कुशल माणसं परत हवीत याची अमेरिकेची यादी), डिसेंबर २०२४ मध्ये भारत त्या यादीतून निघाला. सरकारी पैशाने गेला असाल तर गोष्ट वेगळी.

आता भाच्याचा टॅक्स. अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्याने लोक बुडालेत. भारत-अमेरिका करारातल्या कलम २२ प्रमाणे शिक्षकाच्या पगारावर २ वर्षं अमेरिकन इन्कम टॅक्स माफ होतो, पण मुक्काम २ वर्षांपेक्षा जास्त झाला तर माफी *पूर्ण काळाची* जाते, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा टॅक्स व्याजासकट. तुम्ही ३ वर्षांच्या प्रोग्रॅमवर जाणार, मग ही माफी घ्यायची कशाला? घेतलीच तर ती रक्कम हात न लावता बाजूला ठेवा. सोशल सिक्युरिटीचा कर मात्र पहिली दोन कॅलेंडर वर्षं खरंच लागत नाही, शाळेने कापला तर परत मागा.

आणि हो, प्रोग्रॅममध्ये दरवर्षी आपल्या संस्कृतीचा उपक्रम करावा लागतो, लेझीमचा एक सेट बॅगेत बसतो.

एमए बीएड मराठी. परदेशात मराठी शिकवायला स्पॉन्सरशिप मिळेल? — रत्नागिरी

अवघड आहे हो. अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळा छान चालतात, पण तिथले शिक्षक म्हणजे तिथेच राहणारे आईबाप, बिनपगारी. मॉरिशसमध्ये शाळांत मराठी शिकवतात, पण तिथे शिकवणारे तिथलेच. परदेशी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणं हा त्यातल्या त्यात चालणारा धंदा आहे, त्याला व्हिसा लागत नाही, फक्त रात्री जागायची तयारी ठेवा.

वय ४७. उशीर झालाय का? — धुळे

इंग्लंडच्या क्यूटीएसला आणि व्हिसाला वयाची वरची अट नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, टीबीची टेस्ट मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच करा, गावातल्या एक्स-रेवाल्याकडचा रिपोर्ट चालत नाही. विषय कुठला ते लिहिलं नाहीत, गणित-विज्ञान असेल तर वर नाशिकच्या ताईंना लिहिलंय ते सगळं तुम्हालाही लागू.