अमेरिकेतल्या काउंटीच्या शेती अनुदानाच्या यादीत एकाला लाख आणि शेजाऱ्याला चार हजार डॉलर, असं का दिसतं?

तुम्ही आयोवा राज्यातल्या एका काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची, यादी पाहिलीत आणि विचारलंत, यात वशिला चालतो का? मी आयोवातच एका धान्य खरेदी केंद्रावर हिशेब सांभाळतो, त्यामुळे या पैशांबद्दलची कुरकुर रोज कानावर पडते. काउंटीच्या एफएसए (शेती अनुदान हाताळणारी सरकारी यंत्रणा) कार्यालयावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते, पण दर ठरवणं तिच्या हातात नसतं. तेव्हा वशिल्याचा संशय जरा बाजूला ठेवा.

मुख्य घोळ 'बेस एकर'चा. 2014 च्या शेती कायद्याने जुनं थेट अनुदान बंद करून एआरसी (उत्पन्न घटलं तर भरपाई) आणि पीएलसी (भाव पडला तर भरपाई) या योजना आणल्या. त्यांचे पैसे यंदाच्या पेऱ्यावर मिळत नाहीत. त्या जमिनीवर पूर्वी काय पिकत होतं त्यावरून नोंदलेले एकर धरतात, आणि सहसा त्यातल्याही 85 टक्क्यांवरच देतात. शेतात सोयाबीन डोलत असलं आणि नोंद मक्याची असली, तर हिशेब मक्याचा. शिवाय काउंटी पातळीवरच्या एआरसीत उत्पादनाची सरासरी अख्ख्या काउंटीची. तुमचं एकट्याचं शेत गारांनी झोपलं आणि बाकी काउंटी तरारली, तर हातात शून्यही पडू शकतं. पैसेही उशिरा, 2019 च्या पिकाचे ऑक्टोबर 2020 नंतर. म्हणूनच यादीतलं वर्ष आणि पिकाचं वर्ष जुळत नाही.

चीनशी व्यापारयुद्ध पेटलं तेव्हाची मदत तर आणखी मजेशीर. 2018 मध्ये सोयाबीनला बुशेलमागे (बुशेल म्हणजे तिथलं धान्य मोजायचं माप) 1.65 डॉलर आणि मक्याला एक सेंट! 30,000 बुशेल सोयाबीनवाल्याला 49,500 डॉलर, तर लाखभर बुशेल मका काढणाऱ्याला हजार. आमच्याकडे एक मकेवाले काका त्या चेकची फ्रेम करणार होते. ओरड झाली आणि 2019 मध्ये पद्धत बदलली. पीक कुठलंही असो, पात्र पिकाच्या पेरलेल्या एकराला काउंटीनिहाय एकच दर, 15 ते 150 डॉलरच्या दरम्यान. मग भांडण पिकांवरून काउंटीच्या हद्दीवर आलं. रस्त्याच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा, माती तीच.

आता तुमचे लाखवाले. एआरसी-पीएलसीला 2018 च्या कायद्यात माणशी 1,25,000 डॉलरची मर्यादा होती (2025 मध्ये ती वाढवली). माणशी म्हणालो, कारण भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी धरतात. तीन भावांची भागीदारी असेल, तर यादीत एकाच नावापुढे तिघांचे पैसे दिसू शकतात. आणि ते त्यांच्या खिशात राहतात का? रोख खंडाने जमीन कसणाऱ्याला अनुदान मिळतं खरं, पण मालकालाही ते ठाऊक असतं आणि पुढच्या करारात खंड चढतो. बटाईने जमीन दिली असेल तर वाटणी आधीच होते. माझ्या ओळखीच्या एका खंडकऱ्याने चेक आला त्याच हिवाळ्यात वाढीव खंडावर सही केली. यादीत नाव त्याचंच आहे.

एक मोठी मदत तर त्या नावांपुढे सापडणारच नाही. पीकविम्याच्या हप्त्यातला सरासरी निम्म्याहून जास्त वाटा सरकार भरतं, आणि कोणाच्या विम्यासाठी किती भरलं हे कायद्याने गोपनीय आहे. काउंटीची बेरीज मिळते, नावं नाहीत. विम्याच्या या मदतीला उत्पन्नाची अटही नाही आणि माणशी मर्यादाही नाही. मला विचाराल तर संशय घ्यायचाच असेल तर तिथे घ्यावा.

तुमचे चार हजारवाले शेजारी? कदाचित त्यांनी उताराची थोडी जमीन सीआरपी या जमीन राखण्याच्या योजनेत घातली असेल. तिथे 10 ते 15 वर्षं पीक न घेता गवत राखायचं आणि सरकारकडून वर्षाला भाडं घ्यायचं. यादीत रकमेशेजारी योजनेचं नाव असतं, तेवढं बघा.